बांधावरच्या मातीतून प्रतिजैविक: स्ट्रेप्टोमायसीस शोधायची रीत, पायरीपायरीने

दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची मुलं प्रोजेक्टचा विषय घेऊन येतात, आणि दहातल्या तिघाचौघांचा विषय ठरलेला असतो: मातीतले प्रतिजैविक तयार करणारे जिवाणू. विषय चांगलाच आहे. अडचण पुढे येते. न्यूट्रिएंट अगारवर, म्हणजे जिवाणूंच्या नेहमीच्या जेलीसारख्या खाद्यावर, माती पसरायची, ३७ अंशांवर ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेट उघडायची. समोर बॅसिलस या भराभर वाढणाऱ्या जिवाणूच्या पसरट, ओलसर कॉलनी (वसाहती). मग तक्रार येते, ‘सर, आमच्या मातीत काही नाहीच.’ मातीत असतं सगळं. त्याला वर यायला तुम्ही वेळ दिलेला नसतो.

आपल्याला हवा असतो तो स्ट्रेप्टोमायसीस आणि त्याचे भाऊबंद, म्हणजे ॲक्टिनोमायसीट गटातले जिवाणू. बुरशीसारखे धागे काढणारे, बीजाणू धरणारे, सावकाश वाढणारे. पहिल्या पावसात मातीला येणारा वास मुख्यतः यांच्याच जिओस्मिन या रसायनाचा. स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, एरिथ्रोमायसिन, व्हँकोमायसिन, रिफामायसिन ही सगळी याच गटाची देणगी. क्षयावरचं पहिलं परिणामकारक औषध स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली अमेरिकेतल्या रटगर्समध्ये सापडलं. सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ नावाचा २३ वर्षांचा विद्यार्थी तळघरात बसून हे काम करत होता. त्याच्या दोन स्ट्रेनपैकी (जिवाणूच्या वाणांपैकी) एक भरपूर शेणखत घातलेल्या शेतातल्या मातीतला होता आणि दुसरा कोंबडीच्या घशातला. १९५२ चं नोबेल मात्र एकट्या वॅक्समनना मिळालं. त्यावरून कोर्टकज्जे आधीच होऊन गेले होते. प्रोजेक्टची वही कोणाच्या नावाने, कोणत्या तारखेने लिहायची याबद्दल मी मुलांच्या मागे का लागतो, ते यावरून कळावं.

आपल्याकडेही हा धागा जुना आहे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. तिथे तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीरोधक प्रतिजैविक शोधलं. ते तयार करणाऱ्या जिवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना, म्हणजे गावाचं नाव थेट जिवाणूला लागलेलं.

खाली दिलेली रीत कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागासाठी आहे. ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र), लॅमिनार (निर्जंतुक हवेची पेटी) आणि देखरेख करणारं माणूस नसेल, तर घरी हा उद्योग करू नका. आपण इथे बीजाणू आणि प्रतिरोधक जनुकं असलेले जिवाणू वाढवणार आहोत.

माती कुठली घ्यायची

नांगरलेल्या, खतं पडलेल्या शेतापेक्षा बांधावरची, झाडाच्या मुळाजवळची, जुन्या शेणखताच्या खड्ड्याकाठची माती मला जास्त फळते. वरचा पालापाचोळा बाजूला सारा आणि ५ ते १५ सेंटिमीटर खोलीवरची माती स्पिरिटने पुसलेल्या चमच्याने घ्या. प्रत्येक ठिकाणी ५० ग्रॅम पुरे. नव्या झिपच्या पिशवीत भरा आणि पिशवीवर तारीख, गाव, जागेचे अक्षांश-रेखांश, आजूबाजूची झाडं एवढं लिहाच. मातीचा पीएचही प्रयोगशाळेत आल्या दिवशीच मोजून ठेवा.

‘लोणारची माती आणू का सर?’ हा दर वर्षीचा प्रश्न. तिथलं पाणी अल्कधर्मी आहे, जिवाणू वेगळे मिळतात, हे खरं. पण ते अभयारण्य आहे. वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय तिथून चिमूटभर मातीही उचलायची नाही. आणि दूर जायची गरजही नसते. जपानच्या सातोशी ओमुरांना ज्या मातीत स्ट्रेप्टोमायसीस ॲव्हरमिटिलिस सापडला, ती इतो शहराजवळच्या कावाना इथल्या एका गोल्फ मैदानालगतची होती. त्यातून पुढे आयव्हरमेक्टिन आलं आणि २०१५ साली ओमुरा व विल्यम कॅम्बेल यांना नोबेल मिळालं.

आधी वाळवा

ही पायरी सगळ्यांना फालतू वाटते आणि निम्मं यश इथेच असतं. माती स्वच्छ कागदावर पातळ पसरा आणि सावलीत, वाऱ्याशिवायच्या जागी आठवडाभर वाळू द्या. पंखा लावू नका, उन्हात ठेवू नका. ओल गेली की नाजूक, भराभर वाढणारे ग्रॅम-ऋण (ग्रॅम रंगाचा जांभळा न धरणारे) जिवाणू मोठ्या प्रमाणात मरतात. स्ट्रेप्टोमायसीसचे बीजाणू कोरडेपणात तग धरतात. वाळलेली माती चाळा, १० भाग मातीला १ भाग कॅल्शियम कार्बोनेट मिसळा आणि झाकून २८ अंशांवर आणखी आठवडाभर ठेवा. त्याने पीएच थोडा वर सरकतो आणि आपल्या पाहुण्यांना ते मानवतं.

वेळ खरोखरच नसेल, तर मातीचं पाण्यातलं मिश्रण ५० ते ५५ अंशांवर १० मिनिटं ठेवायचा मार्ग आहे. पण बॅसिलसचे बीजाणू याहून कितीतरी जास्त उष्णता सोसतात, त्यामुळे त्यांचा उपद्रव राहतोच. मी वाळवण्याच्याच बाजूचा.

प्लेट

मीडियम (खाद्य) स्टार्च केसीन अगार घ्या. एका लिटरला विरघळणारा स्टार्च १० ग्रॅम, केसीन ०.३ ग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट २ ग्रॅम, मीठ २ ग्रॅम, डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट २ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.०५ ग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेट ०.०२ ग्रॅम, फेरस सल्फेट ०.०१ ग्रॅम आणि अगार १८ ग्रॅम. पीएच ७ ते ७.२. केसीन नुसत्या पाण्यात विरघळत नाही, त्याच्या गाठी होतात. ते आधी थोड्या सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून मग घाला. स्टार्चची थंड पाण्यात पेस्ट करून घ्या, पिठलं करताना पीठ कालवून घेतो तसं. हा मीडियम मुद्दाम गरीब आहे. भरपूर खाणं दिलं की हावरे जिवाणू आधी जेवून घेतात.

ऑटोक्लेव्ह झाल्यावर मीडियम हाताला सोसेल इतका थंड होऊ द्या आणि मग बुरशी रोखायला मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम नायस्टॅटिन, ग्रॅम-ऋण जिवाणू रोखायला २० ते २५ मायक्रोग्रॅम नॅलिडिक्सिक ॲसिड घाला. गंमत म्हणजे नायस्टॅटिन हीदेखील एका स्ट्रेप्टोमायसीसचीच निर्मिती. एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन या दोघींनी ते शोधलं आणि न्यूयॉर्क राज्यावरून त्याला नाव दिलं. जुन्या प्रोटोकॉलमध्ये सायक्लोहेक्झिमाइड लिहिलेलं असतं. ते विषारी आहे, नायस्टॅटिनने भागत असताना मुलांच्या हाती देऊ नका.

प्लेट जाड ओता, किमान २५ मिलि. पातळ प्लेट दहा दिवसांत पापडासारखी वाळते.

१० ग्रॅम माती ९० मिलि निर्जंतुक ०.८५ टक्के सलाइनमध्ये अर्धा तास हलवा. त्यातून १ मिलि घेऊन ९ मिलि सलाइनमध्ये, असं पुढे करत हजारपट, दहा हजारपट आणि लाखपट पातळ मिश्रणं करा. प्रत्येकातून ०.१ मिलि प्लेटवर पसरा, प्रत्येकी तीन प्लेट. २८ अंशांवर, पालथ्या, प्लास्टिकच्या पिशवीत. आणि पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहा: ‘१४ दिवस फेकू नये.’ हे मी अनुभवाने सांगतोय. एका वर्षी चौथ्या दिवशी ‘काही आलं नाही’ म्हणून कुणीतरी माझ्या चोवीस प्लेट निगुतीने ऑटोक्लेव्ह करून, धुऊन, रॅकवर लावून ठेवल्या होत्या.

आठवा दिवस

तिसऱ्या दिवशी जे दिसतं ते बहुतेक आपलं नसतं. पाचव्या दिवसापासून बारीक, घट्ट ठिपके दिसू लागतात. आठव्या दिवशी प्लेट उजेडात तिरकी धरा. आपली कॉलनी खडूची पूड सांडल्यासारखी कोरडी असते, पांढरी, राखाडी, फिकट गुलाबी, क्वचित हिरवट. काहींच्या डोक्यावर रंगीत द्रवाचा एखादा थेंब बसलेला दिसतो. खालून पाहिलं तर अगारमध्ये तपकिरी किंवा पिवळा रंग झिरपलेला असतो. लूप (तारेचं कडं) लावून बघा. बॅसिलसची कॉलनी तुपासारखी उचलली जाते. ही लूपला दाद देत नाही, वाकवते त्याला. जोर लावला तर खपलीसारखी अख्खी निघते आणि खाली अगारमध्ये खड्डा राहतो, कारण तिचे धागे आत रुतलेले असतात. ही खूण एकदा हाताला कळली की पुन्हा चुकत नाही. मातीचा वास झाकण जरा उघडताच येतो. नाक प्लेटजवळ नेऊ नका, बीजाणू उडतात.

वेगवेगळ्या दिसणाऱ्या २० ते ३० कॉलनी निवडा आणि आयएसपी-२ अगारवर रेघा ओढून शुद्ध करा. त्याच्या लिटरला यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ४ ग्रॅम, माल्ट एक्स्ट्रॅक्ट १० ग्रॅम, ग्लुकोज ४ ग्रॅम आणि अगार २० ग्रॅम. एकदा रेघा ओढून भागत नाही, तीनदा तरी ओढा. धाग्यांच्या आडोशाला दुसरे जिवाणू लपून बसतात. शुद्ध झाल्याची खात्री ग्रॅम रंगाने करा, जांभळे फांद्याफांद्यांचे धागे दिसले पाहिजेत. बीजाणूंच्या माळा बघायच्या असतील तर अगारमध्ये कव्हरस्लिप ४५ अंशांत खोचून तिच्या कडेला जिवाणू लावा. आठवड्याने कव्हरस्लिप अलगद उपसून सूक्ष्मदर्शकाखाली धरा. कुणाच्या माळा सरळ, कुणाच्या फिरकीसारख्या.

आणि शुद्ध झाल्या दिवशीच बीजाणू २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे २० अंशांवर, सोय असेल तर उणे ८० वर ठेवून द्या. प्रत्येक स्ट्रेनच्या किमान पाच कुप्या. ‘निकाल आले की ठेवू’ म्हणू नका. स्ट्रेप्टोमायसीसचं गुणसूत्र सरळ रेषेसारखं असतं आणि त्याच्या टोकांचे तुकडे गळायची सवय असते. पुन्हा पुन्हा स्लँट (नळीतलं तिरकं अगार) बदलत राहिलात तर जिवाणू तोच राहतो, पण प्रतिजैविक बनवायचं विसरतो.

कामाचा कोण?

पहिली चाचणी आडव्या रेघेची. प्लेटच्या एका बाजूला आपल्या स्ट्रेनची जाड रेघ ओढा आणि ६ ते ७ दिवस वाढू द्या, म्हणजे त्याने जे काही सोडायचं ते अगारमध्ये सोडलेलं असेल. मग तिला काटकोनात चाचणीच्या जिवाणूंच्या रेघा ओढा: बॅसिलस सबटिलिस, मायक्रोकॉकस ल्युटियस, ई. कोलायचा निरुपद्रवी प्रयोगशाळेतला के-१२ स्ट्रेन आणि बेकरीचं यीस्ट. दुसऱ्या दिवशी कोणाची रेघ किती अंतरावर थांबली ते पट्टीने मोजा. दवाखान्यातून आणलेले रोगकारक स्ट्रेन वापरायचा मोह मुलांना होतो, अहवालात भारी दिसतं म्हणून. ज्या विभागाकडे त्यासाठीची सुरक्षा नाही तिथे हे करायचं नाही.

बॅसिलस थांबतो, ई. कोलाय खुशाल वाढतो, हे चित्र नेहमीचं आहे. ग्रॅम-ऋण जिवाणूंना बाहेरचं जास्तीचं आवरण असतं, बरेच रेणू तिथेच अडतात. ज्याने ई. कोलाय थांबवला त्याच्या नावापुढे चांदणी काढा. ज्याने यीस्टसकट सगळंच मारलं त्याच्याबद्दल मात्र हुरळून जाऊ नका. वॅक्समन आणि वुडरफ यांना १९४० साली स्ट्रेप्टोमायसिनच्या आधी ॲक्टिनोमायसिन सापडलं होतं. ते इतकं विषारी निघालं की जंतुसंसर्गावर देणं शक्यच नव्हतं. पुढे त्याचा एक प्रकार कर्करोगावर कामी आला.

फ्लास्क

निवडक तीन-चार स्ट्रेन आता द्रव माध्यमात. २५० मिलिच्या फ्लास्कमध्ये ५० मिलिच मीडियम, जास्त नाही. या मंडळींना प्राणवायू भरपूर लागतो. दोन दिवसांचं बी (द्रवात आधी वाढवलेला जिवाणू) तयार करून ५ टक्के घाला. २८ अंश, शेकर १८० ते २०० फेऱ्यांवर, ७ ते १० दिवस. वाढ धूसर पाण्यासारखी होत नाही, साबुदाण्यासारखे गोळे होतात. गोळा मोठा झाला की आतला भाग उपाशी राहतो. फ्लास्कमध्ये आठ-दहा निर्जंतुक काचेचे मणी टाका, गोळे फुटत राहतात.

प्रतिजैविक साधारणपणे वाढ संपत आल्यावर येतं. ग्लुकोज किंवा फॉस्फेट मुबलक असेपर्यंत अनेक स्ट्रेन हात आखडता घेतात. म्हणून तिसऱ्या दिवसापासून रोज १ मिलि काढून त्याची चाचणी करा आणि आलेख काढा. दहाव्या दिवशी एकदाच बघितलंत, तर सहाव्या दिवशी आलेलं आणि आठव्याला मोडून गेलेलं काहीतरी तुमच्या हातून निसटलेलं असू शकतं. त्यातच लोडशेडिंग. शेकर तीन तास बंद पडला की गोळे तळाला बसतात, गुदमरतात. टाळता येत नसेल तर निदान वहीत वेळ लिहा, म्हणजे दोन बॅचचे आकडे का जुळत नाहीत यावर रात्र जागावी लागणार नाही.

एकच स्ट्रेन तीन-चार मीडियममध्ये वाढवून बघा: आयएसपी-२, ग्लिसरॉल-ॲस्पॅराजिन, सोयापीठ-मॅनिटॉल. स्ट्रेप्टोमायसीस सीलिकलरचा जीनोम २००२ साली वाचला गेला, तेव्हा त्यात प्रतिजैविकासारखे रेणू बनवणारे वीसहून जास्त जनुकसमूह निघाले. त्याआधी त्यातले मोजकेच ठाऊक होते. बाकीचे प्रयोगशाळेच्या खाण्यावर गप्प बसतात. माझ्या हाती लागलेला सगळ्यात बरा स्ट्रेन आयएसपी-२ मध्ये शून्य होता, सोयापीठात बोलला.

अर्क

ब्रॉथ (फ्लास्कमधलं द्रव) १० हजार फेऱ्यांवर १५ मिनिटं सेंट्रिफ्यूज करा. आधी वरच्या पाण्याचा पीएच बघा. नुसती आम्लता वाढली असेल तरी जिवाणू थांबतात आणि आपण टाळ्या वाजवत बसतो. मग त्यात तेवढंच एथिल ॲसिटेट घालून सेपरेटिंग फनेलमध्ये हलवा, मध्ये मध्ये तोटी उघडून वाफ सोडा. वरचा थर वेगळा काढा. असं तीनदा. वाफ ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडखालीच, बर्नर विझवून. सगळे थर एकत्र करून रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० अंशांत आटवा. काचेला चिकटलेला तपकिरी थर म्हणजे तुमचा कच्चा अर्क. तळाच्या धाग्यांचा अर्क मिथेनॉलमध्ये वेगळा काढा, काही रेणू धाग्यांतून बाहेर येतच नाहीत.

अर्कात परिणाम नाही, पण उरलेल्या पाण्यात आहे, असं झालं तर निराश होऊ नका. स्ट्रेप्टोमायसिनसारखे रेणू पाण्यालाच धरून राहतात, एथिल ॲसिटेटमध्ये येत नाहीत. त्यांच्यासाठी आयन एक्स्चेंज रेझिन लागतं.

अर्क ६ मिलिमीटरच्या कागदी चकतीवर घालून बॅसिलसच्या लॉनवर (प्लेटभर सारख्या पसरलेल्या थरावर) ठेवा. शेजारी नुसत्या द्रावकाची चकती हवीच. मी स्वतः विद्यार्थी असताना १४ मिलिमीटरचा झोन (चकतीभोवतीचं वाढ नसलेलं वर्तुळ) घेऊन मार्गदर्शकांकडे धावत गेलो होतो. त्यांनी एकच विचारलं, ‘ब्लँक कुठाय?’ ब्लँक लावला, त्याचाही झोन १३. चकती पुरती वाळलीच नव्हती, जिवाणू एथिल ॲसिटेटने मेले होते.

झोन मोठा म्हणजे औषध जालीम, असंही नाही. लहान रेणू अगारमध्ये भराभर पसरतो, मोठा रेणू जागचा हलत नाही. ताकद मोजायची तर ९६ खणांच्या प्लेटमध्ये अर्क निम्म्या-निम्म्याने पातळ करत न्या आणि वाढ थांबवणारं सगळ्यात कमी प्रमाण काढा. अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवला असेल तर खणातलं त्याचं प्रमाण १ टक्क्याच्या आत ठेवा. शेवटी रेझाझुरिन हा रंग घाला. निळा राहिला तर जिवाणू थांबला, गुलाबी झाला तर जिवंत आहे.

जुनंच की नवं

बहुतेक वेळा जुनंच. एका अंदाजानुसार मातीतल्या दर शंभर ॲक्टिनोमायसीटमध्ये एखादा स्ट्रेप्टोमायसिन बनवणारा असतो, आणि स्ट्रेप्टोथ्रिसिन या दुसऱ्या जुन्या प्रतिजैविकाचे त्याहून बरेच जास्त. म्हणून ‘नवं प्रतिजैविक’ हे शब्द शीर्षकात लिहायच्या आधी अर्क सिलिका जेलच्या टीएलसी (रेणू वेगळे करणाऱ्या पातळ थराच्या) प्लेटवर क्लोरोफॉर्म-मिथेनॉल ९:१ मध्ये धावू द्या. द्रावक पूर्ण उडून गेलं की त्या प्लेटवर बॅसिलस मिसळलेलं मऊ अगार ओता. ज्या ठिपक्याभोवती वाढ नाही, तो आपला. बाकी ठिपके सोडून द्या. तेवढाच ठिपका खरवडून एलसी-एमएसला (रेणूचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) पाठवा आणि आलेलं वस्तुमान ज्ञात रेणूंशी ताडून बघा. स्ट्रेनची ओळख १६एस आरआरएनए जनुकावरून पटवा. २७एफ आणि १४९२आर हे प्राइमर (जनुकाची नक्कल सुरू करणारे डीएनएचे छोटे तुकडे) वापरून साधारण १५०० अक्षरांचा तुकडा मिळतो. पण १६एस जुळलं म्हणजे रेणूही तोच, असं धरू नका. एकाच जातीचे दोन स्ट्रेन वेगवेगळी रसायनं करतात. जीनोम वाचायला पैसे असतील तर अँटिस्मॅश या मोफत साधनात टाका. कोणते जनुकसमूह आहेत आणि त्यातले कुठले ओळखीचे, याचा नकाशाच मिळतो.

हे सगळं होऊन काही हाती लागलं, तर स्ट्रेन पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात किंवा चंदीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीवसंग्रहात जमा करा. पेटंटसाठीची ठेवही तिथे ठेवता येते. जैविक विविधता कायदा, २००२ विसरू नका. परदेशी प्रयोगशाळेला स्ट्रेन पाठवायचा असेल तर आधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी, आणि धंद्यासाठी वापरायचा असेल तर नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाशी आधी पत्रव्यवहार. ‘मैत्रिणीच्या हातून एक स्लँट पाठवला’ हे चालत नाही.

उरलेल्या प्लेट, फ्लास्क, चकत्या सगळं १२१ अंशांवर अर्धा तास ऑटोक्लेव्ह करूनच टाका, सिंकमध्ये काही ओतायचं नाही. मातीची मूळ पिशवी मात्र ठेवा, कोरडी, नाव-तारखेसकट. मागच्या वर्षी एका मुलीच्या चांदणीवाल्या स्ट्रेनच्या पाचही कुप्या फ्रीझर बिघडून गेल्या. तिने कपाटातून दीड वर्षापूर्वीची तीच पिशवी काढली, पुन्हा स्टार्च केसीनवर पसरली आणि अकराव्या दिवशी राखाडी कॉलनीवर तोच पिवळा थेंब दिसला.